कांताबाईंनी वाचलेलं पान

कांताबाईंनी चौदा वर्षं माझा फळा पुसला, पण त्यावर लिहिलेलं त्यांना वाचता येतं का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. मी पहिलीची बाई. महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं अ, आ, इ, ई शिकवलं. त्या त्याच शाळेत आया होत्या. सकाळी वर्ग झाडायच्या, घंटा द्यायच्या, पोरांची नाकं पुसायच्या, आणि शाळा सुटली की ओल्या फडक्यानं माझा फळा असा काळाभोर करून ठेवायच्या, की दुसऱ्या दिवशी त्यावर खडू टेकवायला जीव होत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तोंडाची फटकळ आहे. दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आज मात्र आधी माझी स्वतःची काढते.

आम्ही दोघी नागपुरातल्या इंदोऱ्याजवळच्या एकाच वस्तीतल्या. मी रिटायर झाले आणि घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागले, तेव्हा सूनच म्हणाली, आई, विहारात बायकांचा वर्ग का नाही घेत? टोमणा होता, कळला मला. पण घेतला वर्ग. रोज दुपारी तीन ते चार. पहिल्याच दिवशी कांताबाई आल्या, पदराखाली पाटी झाकून. वय चौसष्ट. मी म्हटलं, "अहो कांताबाई, तुम्ही?"

"होय मॅडम. आता काहून म्हणून विचारू नका. आधीच लाज वाटून राहिली."

कारण पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. तिथून परत आले ते एकच गोष्ट घोकत आले, आता आपल्या घरात पुस्तक येईन. पुढे कधीतरी पै-पै जमवून त्यांनी बाबासाहेबांचा धम्मावरचा ग्रंथ विकत आणला, निळ्या कपड्यात बांधून फळीवर ठेवला. स्वतः जन्मभर अंगठा लावणारा माणूस. पोरगी वाचून दाखवेल, ही त्यांची आशा. पण कांताबाई आठ वर्षांच्या असताना आई गेली आणि पाठची तीन भावंडं यांच्या कडेवर आली. शाळा सुटली ती सुटलीच. वडील गेले, ग्रंथ यांच्याकडे आला, आणि तो वाचू शकणारं घरात कुणी झालं ते थेट त्यांचा नातू प्रशिक.

आमच्याकडे वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सात वाजता विहारात ग्रंथवाचन असतं. एकजण खुर्चीवर बसून वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. ज्यांच्याकडे आपली प्रत असते ते ती मांडीवर उघडून ओळीओळीनं सोबत चालतात. वाचणारा रोज वेगळा. कुणाचा नंबर कधी, ती यादी महिला मंडळाची मेघा करते. कांताबाई चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून ऐकत आल्या होत्या.

"मॅडम, मले काही साहेबीण नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "एक पान. त्या खुर्चीवर बसून, माह्या तोंडानं, फक्त एक पान. बाप तं काही ऐकाले नाही आता. पण मी तं ऐकीन ना!"

तर एवढंच होतं. एक पान.

शिकणं सोपं गेलं नाही. लहान पोर अक्षर गिळतं, म्हाताऱ्या माणसाला ते चावत बसावं लागतं. अक्षराखाली बोट ठेवायच्या, ओठांनी चाचपायच्या, मग आवाज काढायच्या. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. एकदा मी वैतागून म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे सगळं!" तर पाटीवरून मान वर न करता म्हणाल्या, "घडा सरळ करून घ्या ना मंग. मी तं इथंच बसून राहिली." मला हसू आवरेना.

पण येत होतं हळूहळू. एकदा रस्त्यानं जाताना मध्येच थांबल्या, बोट वर केलं आणि एका पाटीवर वाचलं, दा-ढी-क-टिं-ग. मग कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या. "अवं माय! तीस वर्षं इथून जाऊन राहिली मी. मले वाटे हा दवाखाना होय!" दोन-अडीच वर्षांत त्यांची मजल तासाला पाच-सहा ओळींवर आली. घाम निघायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण ओळ पूर्ण व्हायची. अजून एक वर्ष गेलं असतं तर पान झालं असतं, हे मी पहिलीची बाई म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

मग मोबाईल आला.

प्रशिकला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. त्याचे आईबाप कळमेश्वरला, बाप तिथल्या कारखान्यात. पोराला शिकायला आजीकडे ठेवलं आणि आजीनं त्याला वाढवलं. आता मिहानमधल्या कंपनीत लागला, रोजचं जाणं-येणं जड होतं म्हणून बेस्याला खोली केली. रविवारी यायचा. आजी एकटी पडली हे त्याला खात होतं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, तो नवाकोरा मोबाईल घेऊन आला. त्यात असं काहीतरी होतं, की कॅमेरा पानावर धरला की आतली बाई ते पान मराठीत खणखणीत वाचून दाखवते. जोडाक्षर नाही, अडणं नाही, काही नाही.

कांताबाईंनी वडिलांचा ग्रंथ काढला, कपडा सोडला, मोबाईल धरला. आवाज आला. त्या ऐकतच राहिल्या. पाच मिनिटांनी डोळे पुसून म्हणाल्या, "प्रशिक, बावा, हे तं साठ वर्षं घरात मुकंच होतं रे."

मी होते तिथे. मी प्रशिकला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, तिला वाचायला शिकायचंय, ऐकायला नाही."

"मॅडम, मशीन हाये ते. ना चांगलं ना वाईट. वापरणाऱ्यावर हाये सगळं. ऐकून ऐकून लवकर शिकन ना ती!"

मी मान डोलावली. का नाही डोलावणार? माझ्याच मुलीला मी 'विज्ञान, शाप की वरदान' हा निबंध लिहून दिला होता. शेवटी हेच वाक्य टाकायचं, वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. दहापैकी आठ मार्क ठरलेले. आणि खरं सांगू? मला बरंही वाटलं. नागपूरचा उन्हाळा, दुपारी तीनची वेळ, माझे गुडघे. बाकीच्या बायका तोवर गळाल्याच होत्या. रोजचा वर्ग आठवड्यात दोनदा झाला, मग फक्त बुधवारी. कांताबाईंनी कुरकुर केली नाही. "मोबाईलवर करून राहिली ना मी," म्हणायच्या. मी दुपारची झोप काढत होते तेव्हा त्यांची अक्षरं सुटत होती, हे मला समजायला हवं होतं.

वर्षावास सुरू झाला आणि कांताबाईंनी मेघाकडे नाव दिलं. मेघानं हिशेब लावला, रोज चार पानं होतात, म्हणजे तुमच्या गुरुवारी अमुक पानापासून सुरुवात. ते पहिलं पान तुम्ही वाचा, पुढची तीन मी. मी माझ्या आणि कांताबाईंच्या अशा दोन्ही प्रतींत त्या पानावर पेन्सिलनं खूण केली. कांताबाई सकाळ-संध्याकाळ ते पान मोबाईलसमोर धरत, तो वाचे, त्या मागून म्हणत.

ऑगस्टच्या शेवटी मी त्यांची परीक्षा घ्यायला घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, ग्रंथ उघडला आणि वाचायला सुरुवात केली. काय सांगू! न अडता, न चुकता, जोडाक्षरांसकट. स्वल्पविरामाला थांबणं, पूर्णविरामाला श्वास, सगळं जागच्या जागी. माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. ते अक्षरांखाली नव्हतं. पुस्तकाच्या कडेला नुसतं टेकलेलं होतं.

इथे माझी चूक झाली. आम्हा पहिलीच्या बायांचा एक ठोकताळा असतो, बोट सुटलं की वाचन आलं. पोराचं बोट ओळीवरून निघालं की आम्ही समजतो, याचा डोळा आता एकटा चालू शकतो. हजारभर पोरांच्या बाबतीत तो खरा ठरलेला. मी ते बोट पाहिलं आणि मला रडूच फुटलं. उठून पेढे आणले, शेजारच्या दोन घरांत वाटले, प्रशिकला फोन करून सांगितलं, "बेटा, तुझ्या मशीननं कमाल केली!" त्यांना दुसरं कुठलंही पान उघडून दिलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी दिलं नाही.

त्या गुरुवारच्या तीन दिवस आधी वस्तीतले एक आजोबा वारले. संध्याकाळी सगळे त्यांच्या घरी, वाचन झालं नाही. म्हणजे सगळं चार पानं मागे राहिलं. हे मेघाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही. वाचता येणाऱ्याला कुठलं पान समोर येतं याची फिकीर नसते. खूण असेल तिथून सुरू करायचं.

गुरुवारी कांताबाई पांढरी साडी नेसून आल्या. प्रशिक अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. त्रिशरण-पंचशील झालं. मेघानं विहाराचा ग्रंथ आदल्या संध्याकाळच्या खुणेवर उघडला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, खुर्चीवर बसल्या, चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली.

आवाज किती छान लागला होता! मी आधी नुसती ऐकत बसले. मग सोबत चालावं म्हणून मांडीवरच्या प्रतीत पाहिलं, तर ती ओळच सापडेना. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. चार पानं पुढे गेले तेव्हा माझीच पेन्सिलची खूण दिसली. कांताबाई ते पान म्हणत होत्या. हातातलं पान दुसरंच होतं.

मेघानं माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. चाळीस माणसं होती, सात-आठ जणांकडे प्रती. त्या सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्या वस्तीत भांडणं कमी नाहीत, पण त्या दिवशी माणसांनी मन राखलं. संपलं असतं ते पान तसंच. टाळ्या वाजल्या असत्या. पण मेघाच्या मांडीशी तिची दुसरीतली पोरगी बसली होती. ओळीवर बोट ठेवून, शाळेत शिकवतात तशी.

"आई, आजी कुठचं वाचून राहिली? इथं तं हे नाही लिहिलं."

मेघानं तिचं तोंड दाबलं, पण आवाज गेला होता. कांताबाई थांबल्या. त्यांनी हातातल्या पानाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांचं बोट वर आलं आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षराखाली जाऊन बसलं.

"त... त्या... त्याव..."

पंख्याचा आवाज येत होता. पुन्हा सुरुवातीपासून. "त... त्या..." जयंतीच्या आधी हा शब्द त्यांनी अर्ध्या मिनिटात फोडला असता. आता काही केल्या जुळेना. मी मनातल्या मनात ओरडत होते, त्यावेळी, कांताबाई, त्यावेळी! त्यांनी ग्रंथ सावकाश मिटला, पुन्हा कपाळाला लावला, मेघाच्या हातात दिला आणि खाली उतरल्या. उठून गेल्या नाहीत. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, चारही पानं होईपर्यंत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसल्या होत्या. मोबाईल बंद करून डब्यात ठेवला होता. माझ्याकडे न पाहताच बोलल्या.

"मॅडम, लोक म्हणत असतील, म्हातारीनं पाठ करून फसवलं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर. पण मले लबाडी नव्हती करायची वं, आईची शपथ." मैत्रिणीला म्हणतात तसं 'वं' त्या मला जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या. "पान समोर होतं, अक्षरं दिसत होती, तोंडातून बराबर निघून राहिलं होतं. मले खरंच वाटलं, मी वाचून राहिली. मले काय माहीत, वाचणं कसं राहते? मी कधी वाचलं होतं?"

त्यांच्या शेजारी बसून मीच रडले. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

प्रशिक माझ्याकडे आला तो तोंड पाडून. ते ॲप काढून टाकतो म्हणाला, मोबाईलच विकतो म्हणाला. मी म्हटलं, तुझा दोष नाही. त्यानं मान खाली घालून पुन्हा तेच सुरू केलं, मशीनचं काही नसते मॅडम, वापरणाऱ्यावर... आणि माझं डोकं फिरलं. रागावले की माझी पुस्तकी मराठी गळून पडते. "आता ते वाक्य पुन्हा काढलंस ना, तं कानाखाली वाजवीन!" म्हटलं. "अरे, जन्मभर चप्पल घातली की तळवा मऊ पडते. चपलेच्या मनात काही वाईट नसते, घालणाऱ्याच्याही नसते. पण मऊ पडतेच. तुह्या आजीनं कोणता वाईट वापर केला, सांग मले? पान समोर धरलं, मन लावून ऐकलं, मागून म्हटलं. त्या मशीनसमोर दुसरं करण्यासारखं होतं काय?" तोच पोरगा सीताबर्डीहून बेस्याला जायला मॅप लावतो, जन्म नागपुरात जाऊन. मीही कुणाचा नंबर तोंडपाठ सांगू शकत नाही आता, माझ्या मुलीचासुद्धा नाही. त्याला चहा करून दिला आणि पाठवला.

त्या वर्षी कांताबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या नाहीत. पण अश्विन पौर्णिमा झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्या दारात पाटी घेऊन उभी राहिले. वाटलं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "त्याच पानापासून. जिथं अडली तिथून."

रोज गेले मी. गुडघे गेले चुलीत. सुरुवात जवळजवळ नव्यानंच करावी लागली. अक्षर ओळखायच्या, पण दोन अक्षरं जोडायची म्हटलं की कानांना सवय लागलेली, कुणीतरी आधी म्हणेल याची. माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी तोंड फिरवून भिंतीकडे बसायला लागले. त्यातच शुगर, धाप. "पुढच्या वर्षी पान नको मॅडम," त्या म्हणाल्या, "दोन ओळी वाचीन. पण माह्या."

डिसेंबर अर्धा झाला होता. त्या दिवशी त्यांनी त्या पानातली पहिली ओळ पूर्ण वाचली. नऊ शब्द. दोनदा चुकल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या. बराच वेळ लागला, मी घड्याळ पाहिलं नाही. शेवटच्या शब्दाला पोचल्या तेव्हा धाप लागली होती. चष्मा काढला, थोडं थांबल्या, आणि मला विचारलं, "म्हणजे तो माणूस परत आला म्हणता?"

पावसाळाभर ते दुसरं, पाठ झालेलं पान त्यांनी शेकडो वेळा म्हटलं होतं, पण त्यात काय लिहिलंय हे मला एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "होय कांताबाई, परत आला." त्या हसल्या. "बरं झालं," म्हणाल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी पाणी भरता भरता त्या गेल्या. हार्ट अटॅक. डॉक्टर येईपर्यंतही राहिल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या आठवणीसाठी, विहार भरला होता. कळमेश्वरहून मुलगा-सून आले, उमरेडचे नातेवाईक आले. वंदना झाल्यावर प्रशिक पुढे आला आणि म्हणाला, "आजीचा आवाज ऐकवतो." ऑगस्टमध्ये, त्या पानाची तयारी चालू असताना, त्यानं मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. स्पीकर लावला. कांताबाईंचा आवाज विहारभर झाला, न अडता, न चुकता. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. उमरेडचे एक वयस्क पाहुणे मोठ्यानं म्हणाले, "शाळेची पायरी धड न चढलेली बाई, अन् पाहा, काय वाचन हाये!" वस्तीतले लोक गप्प होते. मेघा खाली बघत होती. प्रशिकचे डोळे माझ्याकडे होते, लाल झालेले. आजीचं एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं.

मग मला बोलायला उभं केलं, शिकवणाऱ्या बाई म्हणून. मला सांगायचं होतं, की हे त्यांचं वाचन नाही. त्यांचं वाचन नऊ शब्दांचं होतं, धापा टाकत झालेलं, आणि ते कुठल्याही मोबाईलमध्ये नाही. माझं तोंड फटकळ म्हणून सगळ्या वस्तीला माहीत आहे, आणि नेमकं तेव्हा ते उघडलं नाही. "कांताबाई फार मेहनती होत्या," एवढं म्हणून मी खाली बसले.

ते रेकॉर्डिंग प्रशिकनं सगळ्यांना पाठवलं. माझ्याही मोबाईलमध्ये आहे. लोक ऐकतात, म्हणतात, काय वाचायच्या कांताबाई. मी हो म्हणते.